हरणाबाईचा मणका

माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात मशीनचा दोष नाही. विश्रामबागेतल्या एका तपासणी सेंटरमध्ये मी सोळा वर्षं हाडांची घनता मोजायचं मशीन चालवते. नाव क्रांती. आजोबांनी मोठ्या हौसेनं ठेवलं, आणि उभ्या आयुष्यात मी क्रांती काय केली, तर सासूच्या नाकावर टिच्चून नोकरी टिकवली. पेशंटला मी अहोजाहो करते, पण लाड करत नाही. हलू नका असं दोनदा सांगते, तिसऱ्यांदा खेकसते.

मार्चमध्ये महिला दिनाचा आठवडा होता. सवलतीत तपासणी ठेवलेली, त्यामुळं बायकांची रीघ लागलेली. आमचे डॉक्टर ऋषिराज, माझ्या पोरापेक्षा चार वर्षांनी मोठे असतील, सकाळीच सांगून गेले, "मॅडम, फक्त मणका घ्या. खुबा राहू दे, वेळ जातो." खुब्याला वेळ जातो हे खरंच. पाऊल आत वळवून पट्ट्यानं बांधावं लागतं, तरच खुब्याची मान नीट दिसते. मणक्याचं काय, माणूस आडवा केला, पाय ठोकळ्यावर ठेवले, झालं काम. मलाही ते सोयीचं होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

हरणाबाई मंगळवारी दुपारी आली. सत्तरीची, वाळलेली, कमरेत वाकलेली धनगराची म्हातारी. बरोबर सून होती, मंगल, तिला सातवा महिना. गाव माणमधलं, म्हसवडच्या अलीकडं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत जायचं, असं त्यांचं वर्ष. तेव्हा त्यांची मेंढरं आष्ट्याच्या बाहेर, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात बसवली होती. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. चार-पाच दिवस झाले की दुसरं रान. रान बदललं की सगळा संसार घोड्यावर चढवायचा, अंथरुणं, भांडी, पिठाचं पोतं, नुकती झालेली कोकरं. ते काम बायकांचं. मंगल पोटुशी, म्हणून हरणाबाई घोडं भरायची, आणि तिची पाठ धरली होती.

"ह्यांनी सांगितलंया," मंगल खाली बघत म्हणाली. ह्यांनी म्हणजे तिचा नवरा, धनाजी. "मशीन म्हनलं हाडं गेल्यात, तर आत्तीनी बसून ऱ्हायचं, आमी गडी बघू. मशीन म्हनलं हाडं चांगली हायत, तर मग कुरकुर न्हाई करायची."

म्हणजे म्हातारीनं ओझं उचलायचं की नाही हे माझ्या कागदावर ठरणार होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आधी वजन घेतलं. हरणाबाई काट्यावर चढली आणि आकडा आला त्र्याण्णव. मी म्हटलं, "आजी, पदराखाली मेंढरू आणलंय की काय?" ती हसली नाही. तिला उतरवलं, काट्याला पायानं ठोकलं, परत चढवलं. एकोणचाळीस. काटा जुना आहे, कधी कधी अडकतो. मी एकोणचाळीस लिहिलं.

"पयला आकडा बरुबर हुता," हरणाबाई म्हणाली.

मी लक्ष दिलं नाही. बाहेर अकरा बायका बसल्या होत्या. तिला टेबलावर आडवी केली. आमचं टेबल दीडशे किलोचा माणूस मुकाट घेतं, कधी कुरकुरत नाही. ती आडवी झाली तेव्हा ते कण्हल्यासारखं वाजलं आणि मधोमध खाली बसलं. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं. मशीनचा हात तिच्यावरून सरकायला लागला, आणि माझ्या पडद्यावर ओळीओळीनं तिचा मणका उमटत गेला.

इतका पांढरा मणका मी सोळा वर्षांत बघितला नव्हता. म्हाताऱ्या बायकांचा मणका धुरकट दिसतो, मागचं दिसेल इतका विरलेला. हा चुन्यासारखा भरलेला. आकडा आला अधिक दोन पूर्णांक तीन. शून्याला हाड चांगलं, उणे अडीचला ठिसूळ. अधिक दोन म्हणजे विचारूच नका.

"आजी, पंचविशीतली पोरगी लाजंल," मी म्हटलं. "लोखंड आहे लोखंड. तुमच्यापुढं माझीच हाडं कच्ची."

मंगलचा चेहरा उतरला. मला वाटलं, हिला सासू बसलेली हवी होती, म्हणून तोंड वाकडं झालं. असले विचार मला पटकन सुचतात.

हरणाबाई उठून बसली आणि पडद्याकडं बघत राहिली. मग बोट करून म्हणाली, "ह्यो माझा मनका न्हवं, बाई. हे मालक हायत."

"कोण मालक?"

"माझं सासरं," मंगलनं खुलासा केला, आणि नजर वळवली.

मग हरणाबाईनं सांगितलं ते असं. आठ वर्षांमागं, त्या साली मेंढरं पुण्याकडं नेलेली, तिकडनं परत येताना शिरवळपाशी हायवेवर ट्रक मेंढरांत शिरला. अकरा मेंढरं गेली आणि तिच्या मालकाचे दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. मालक घरी बसायला तयार नव्हता, मेंढरांमागंच मरीन म्हणाला. घोडं संसारानं भरलेलं. मग ह्या रानातनं त्या रानात हरणाबाईनं त्याला पाठुंगळी घेऊन नेलं. दोन वर्षं. धनाजी घेतो म्हणाला तर मालक त्याला हात लावू द्यायचा नाही, लाज वाटायची पोराची.

"गेलं तवा म्हनलं, आता उतरतील," ती म्हणाली. "उतरलंच न्हाईत. सकाळच्या पारी उठताना आदी त्येंना उचलावं लागतंय, मग मी. आन् ते बसल्यात तिथं घर बांधाया लागल्यात. माझ्यातलंच काढत्यात आन् तिथं लावत्यात. मी आतनं मोकळी झालीया. तुझ्या मशीननं मालकांचं माप घेतलं, माझं न्हाई."

अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण काटा आला की मला राग येतो. मी म्हटलं, "आजी, मशीनला मालक-बिलक दिसत नाहीत. हाड दिसतं."

"तू मेंढरू कवा इकत घेतलंयस?"

"मी मटण घेते."

"मग तुला कसं कळावं," ती शांतपणे म्हणाली. "बाजारात मेंढरू लोकरीनं भरल्यालं दिसतं. बघून घेनारा फसतो. आमी लोकरीत हात घालतो आन् पाठीचं हाड चाचपतो. लोकर लय आन् खाली काट्या, असं मेंढरू चढाव न्हाई चढत. तू लोकर बघितलीस. आत हात घाल की."

बाहेरनं कुणीतरी दारावर टकटक केली. मी कागद छापला, मंगलच्या हातात दिला आणि म्हटलं, "सांगा घरी, हाडं एक नंबर आहेत." मंगलनं कागद घडी करून कनवटीला लावला. जाताना हरणाबाई दारात धरून धरून वळली, जशी मोठं ओझं घेतलेली बाई अरुंद दारातनं वळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखा ठोकळा लावला. हे आमचं रोजचं पहिलं काम. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात एक खोटा मणका असतो, त्याचा फोटो घ्यायचा आणि आकडा कालच्याइतकाच आला की मशीन बरोबर आहे असं समजायचं. सात वर्षं तो आकडा जागचा हललेला नव्हता. त्या दिवशी वर गेला. थोडाच, पण वर. मी मशीन बंद करून चालू केलं, परत घेतला. अजून वर.

मशीनवाल्या इंजिनिअरला फोन केला, तो म्हणाला शनिवारनंतर येतो. मग मी कालचे फोटो उघडले, आकडे सगळ्यांचेच वर गेलेत की काय बघायला. बाकीच्या बायकांचे ठीक होते. हरणाबाईचा उघडला आणि या वेळी आकडा न बघता फोटो बघितला.

मणक्याच्या दोन्ही कडांना नवं हाड वाढलेलं होतं. एकेका मणक्याला दोन्हीकडनं एकेक, आत वळलेलं. चार डावीकडं, चार उजवीकडं. मागनं कुणी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसावं तशी ती आठ बोटं दिसत होती. मी खुर्ची मागं सरकवली.

खरं तर यात न समजण्यासारखं काही नव्हतं. मला हे मिरजेला शिकतानाच शिकवलेलं. लोक झीज आणि ठिसूळपणा एकच समजतात, ते एक नाही. सांधा झिजला की शरीर त्याच्याभोवती नवं, कडक हाड घालतं, काटे फुटतात. फोटो वरनं काढलेला असतो, मशीनला सगळं एकच दिसतं, ते काटेसुद्धा हाडात धरतं आणि आकडा फुगतो. आत मूळ हाड पार चाळणी झालेलं असलं तरी कागदावर लोखंड. म्हणून झिजलेल्या मणक्याच्या म्हाताऱ्या माणसाचा खुबा बघायचाच, तिथं इतकी लपवालपवी नसते. हे मला पाठ होतं. हरणाबाईनं तेच सांगितलं होतं, फक्त तिच्या शब्दांत.

मी डॉक्टरांकडं गेले. ते म्हणाले, "रिपोर्ट गेला ना? मग सहा महिन्यांनी परत बोलवा." आणि मी, जिला घरात सगळे घाबरतात ती मी, बरं म्हणून परत आले. आपली चूक आपणच पेशंटला फोन करून सांगायची, ह्याची मला लाज वाटली. लाज वाटली म्हणून मी गुरुवार घालवला, शुक्रवार घालवला. रोज सकाळी ठोकळ्याचा आकडा थोडा थोडा वर चढत होता. शनिवारी त्या खोट्या मणक्याच्या कडेला, प्लॅस्टिकमध्ये, एक पुसट पांढरा काटा दिसला. मी फोटो मोठा करून बघितला नाही. तडक धनाजीला फोन लावला.

"आवं, आय मस्त हाय," तो म्हणाला. "बुधवारीच रान बदललं, तिनंच घोडं भरलं. तुमी म्हनलाव तसंच. लोखंड हाय म्हातारी."

रविवारी सकाळी मी गाडी काढून आष्ट्याला गेले. विचारत विचारत रान सापडलं. ऊन चांगलं तापलेलं, मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत उभी, आवाज कसला तो नाही. मंगल कोकरांना पाला टाकत होती. तिनं मला बघितलं आणि पाटाकडं बोट केलं.

हरणाबाई डोक्यावर घागर घेऊन येत होती. ताठ. मंगळवारी कमरेत मोडलेली बाई, आणि आता सरळ काठी. पावलं टाकत होती पण अंगाला हिसका बसत नव्हता, कुणीतरी काखेत हात घालून नेत असल्यासारखी येत होती. पाटाच्या कडेला चिखल होता. उजव्या पायाचा पूर्ण ठसा उठला होता, डाव्याचा नुसत्या बोटांचा.

"बुधवारपासनं अशाच चालत्यात," मंगल हळूच म्हणाली. "कन्हनं बंद झालं. मी म्हनलं बरं वाटतंय जनू. पन एकट्याच बोलत्यात. 'आता मी जड हुतीया का तुमाला' म्हनत्यात."

तेवढ्यात धनाजी आला. तिशीचा, रापलेला, डोळे तांबारलेले. मी त्याला सांगितलं की आकडा फसवा आहे, खुब्याचा फोटो घ्यायला हवा, तोवर आईला काही उचलू देऊ नका.

त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "परवा म्हनला लोखंड. आज म्हनता पापुद्रा. मशीन खोटं का तुमी खोट्या?"

"मी," मी म्हटलं. "माझी चूक झाली. मला माहीत असून मी बघितलं नाही."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तो जरा गोंधळला, मग चिडला. "न्हाई, तपासन्या वाढवायच्या असत्यात तुमाला. मी बगतोय की आय कशी चालती ती. तिला काय बी झालं न्हाई."

हरणाबाईनं घागर उतरवली आणि म्हणाली, "मी येती गं बाई. चल." धनाजी वैतागला, पण टेम्पो बघायला गेला. रानमालकाचा टेम्पो मिळाला, त्यात तिघं बसले, आणि मी पुढं गाडीवर. रविवारी सेंटर दुपारपर्यंतच असतं, डॉक्टर नव्हते. खोली मीच उघडली. धनाजी आणि मंगल दाराबाहेर बाकड्यावर बसले.

उजवा खुबा घेतला. पडद्यावर जे उमटलं त्याला हाड म्हणायचं एवढंच. कडेची रेघ तेवढी, आत धूर. उणे तीन पूर्णांक आठ. मी पडदा हरणाबाईकडं वळवला. तिनं पडद्यावरनं हात फिरवला.

"ही मी," ती म्हणाली. "पानी आटल्यागत झालीया न्हाई का?"

मी तिचा हात धरून म्हटलं, "आजी, तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. माफ करा मला." ती म्हणाली, "व्हतंय. लोकर दाट हुती."

इथंच मी थांबायला हवं होतं. एक खुबा पुरतो. पण बाहेर धनाजी बसला होता, मला खोटी म्हणालेला, आणि मला त्याच्या तोंडावर दोन्ही फोटो फेकायचे होते, पक्के, एकावर एक. म्हणून मी डावा पण घ्यायला गेले, घाईत मशीन आधीच चालू केलं. पाऊल धरलं आणि नेहमीसारखं आत वळवलं. जोर लावला नाही. लावला नाही असं मला वाटतं. वाळलेली काटकी पायाखाली यावी एवढाच आवाज झाला, आणि पाय माझ्या हातात इतका सहज फिरला की मी तो सोडूनच दिला.

हरणाबाई ओरडली नाही. तिनं सुस्कारा सोडला, आणि त्याच वेळी तिच्या खालचं टेबल मघापेक्षा दोन बोटं वर आलं.

"ऱ्हाऊ दे आता," ती म्हणाली. "गेलं ते."

मशीनचा हात तसाच सरकत राहिला, मी तो थांबवला नव्हता. पडद्यावर डावा खुबा आला. मानेतनं आरपार काळी रेघ.

मी दार उघडलं. धनाजी उठून उभा राहिला, माझं तोंड बघून त्याला कळलंच. आत आला, पडद्याकडं बघितलं. मेंढराची हाडं लहानपणापासनं बघितलेला माणूस, त्याला रेघ समजावून सांगावी लागली नाही.

"कवा मोडलं?" त्यानं विचारलं.

मंगल दारात उभी होती. तिनं पदर तोंडात धरला. तिला काय वाटत होतं ते दिसत होतं. बुधवारी, घोडं भरताना. तेव्हापासनंच ही चाल. आणि धनाजीला पण तेच वाटत होतं. तो माझ्याकडं असा बघत होता की मी काय बोलते त्यावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य लटकलंय.

मला खरंच माहीत नव्हतं. मशीन दाखवतं, कधी झालं ते सांगत नाही. पण आवाज मी ऐकला होता, माझ्या हातात.

"आत्ता," मी म्हटलं. "पाय वळवताना. माझ्या हातात मोडलं."

धनाजी भिंतीला टेकला आणि खाली बसला. दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला, मोठ्यानं. मग उठून मला जे बोलला ते मी इथं लिहीत नाही. ते सगळं मी ऐकून घेतलं. मला उलट बोलता येत नाही असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मिरजेच्या दवाखान्यात सोमवारी ऑपरेशन झालं. मी रजा टाकून बाहेर बसले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. ऑपरेशन करणारे सर्जन मला ओळखतात, आमचे रिपोर्ट त्यांच्याकडंच जातात. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या हातात नाही मोडलेलं. कडा झिजून गोल झाल्यात, रक्त जुनं आहे. चार-पाच दिवस तरी झालेत."

"पण ती चालत होती. पाण्याची घागर आणत होती."

"कधी कधी तुटलेली टोकं एकमेकांत रुततात, माणूस चालतो थोडं. पण ही रुतलेली नव्हती. मोकळी होती." सर्जननी चष्मा पुसला. "ती कशी चालली हे मला विचारू नका."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरं सांगते, आनंद झाला. तिला वॉर्डात आणलं तशी त्या आनंदात मी आत गेले, धनाजीला सांगायला, की बाबा, मी नाही, बुधवारीच झालं होतं. त्यानं मला जे जे म्हटलं होतं ते त्याला परत द्यायचं होतं. तो आईच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होता. हरणाबाईनं माझ्याकडं बघितलं आणि त्याला म्हणाली, "धनाजी, च्या आन जा रं."

तो माझ्याकडं न बघता गेला. मी पलंगाशी वाकले.

"तुला सांगितलं व्हय डाक्टरनं?" ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"माझंच हाड की. बुधवारी पिठाचं पोतं घोड्यावर टाकलं तवाच वाजलं. धनाजी म्हनला, टाक की गं आये, लोखंडाची हायस तू. हसत म्हनला. मी टाकलं."

"मग चार दिवस चाललात कशा?"

"मी कुटं चालले." तिनं मान उशीवर फिरवली. "मालक म्हनले, तू मला दोन वरीस वागवलंस, आता चार दिस माझ्या पाठीवर बस. पोरीचं पोट हाय, तिला उचलाया नगो लावूस. त्येंनी वागवलं. काल तुझ्या टेबलावर म्हनले, आता जातो. तवा पाय सुटला."

वॉर्डात पंखा फिरत होता, शेजारच्या पलंगावर कुणाचं तरी पोर मोबाइल बघत होतं. मी म्हटलं, "आजी, धनाजीला सांगायला पाहिजे. तो मला दोषी धरतोय."

तिनं माझं मनगट धरलं. ऑपरेशन होऊन चार तास झालेल्या बाईच्या हातात एवढा जोर असत नाही.

"त्येच्या पाठीवर नगं ठेवूस," ती म्हणाली. "मेंढरामागं हिंडनारा गडी हाय. ह्ये घेऊन जलमभर चालंल आन् कुनाला सांगनार न्हाई. बापासारखाच हाय त्यो. मला म्हाईत हाय ते वज्जं कसं असतं. रातच्याला बी उतरत न्हाई."

"आणि मी?"

तिनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मेंढरू बघावं तसं. मग दुसरा हात पुढं करून माझ्या कमरेच्या वर, पाठीच्या मधोमध ठेवला आणि बोटांनी दाबून बघितलं. हात बर्फासारखा गार होता.

"तू घे," ती म्हणाली.

मी नाही म्हणू शकले असते. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. पण लोखंड हा शब्द धनाजीनं शोधला नव्हता. तो त्याला मी दिला होता, दारावर टकटक झाली म्हणून, अकरा बायका बसल्या होत्या म्हणून.

धनाजी चहा घेऊन आला. दोनच कप होते, एक आईला, एक त्याला. त्यानं कप स्टुलावर ठेवले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"डाक्टर काय म्हनलं?"

हरणाबाईनं डोळे मिटले होते. पाठीवरचा तिचा हात केव्हाच खाली गेला होता, पण तिथलं दाबणं गेलं नव्हतं.

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले," मी सांगितलं.

"आन् तुमी केल्यालं?"

"त्याबद्दल काही म्हणाले नाहीत."

त्यानं मान वळवली आणि आईच्या तोंडाला कप लावला. मी निघाले. उठताना पलंगाचा कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला, आणि दारातनं बाहेर पडताना अंग जरा वळवून घ्यावं लागलं.